दहावीत मुली पुढे, तर मग ‘गणित मुलग्यांचं’ कसं?

एका आईचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: “माझी जुळी मुलं नववीत आहेत, मराठी माध्यमात. सहामाहीला मुलीला मराठीत ९१ आणि गणितात ८४ पडले. मुलाला मराठीत ५८ आणि गणितात ८१. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय की मुलगी भाषेची आणि मुलगा गणिताचा. दरवर्षी दहावीच्या निकालाला ‘यंदाही मुलींची बाजी’ छापून येतं, मग आयआयटीत मुलगेच जास्त का? हे पूर्वीपासून असंच आहे का? आणि अकरावीला मुलीने गणित सोडावं का?”

ताई, आधी तुमचेच आकडे परत एकदा बघा. गणितात मुलीला मुलापेक्षा तीन गुण जास्त आहेत. तरीही ‘गणिताचा’ ठरला तो. यात तुमचं घर काही वेगळं नाही. मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, बोर्डाचे पेपर तपासले, पुढे मॉडरेटर म्हणून इतरांनी तपासलेले गठ्ठेही पाहिले. पालकसभेत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढे काय येणार ते मला पाठ असायचं.

तुमच्या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. पास किती होतात, हा एक. एखाद्या विषयात गुण किती पडतात, हा दुसरा. आणि पुढे कोण काय निवडतं, हा तिसरा. तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या दिशेला जातात. वर्तमानपत्रातली बाजी पहिल्या प्रश्नाची असते, आयआयटीतली गर्दी तिसऱ्याची, आणि आपण दोन्ही दुसऱ्याच्या खात्यावर मांडतो.

पहिल्यापासून सुरुवात करू, कारण तिथे आपल्या राज्यातच एक प्रयोग आपसूक घडून गेलाय आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. मार्च २०१८ च्या दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. मुली ९१.९७, मुलगे ८७.२७. फरक पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, एकूण निकाल घसरून ७७.१० वर आला. मुली ८२.८२, मुलगे ७२.१८. फरक साडेदहाच्या वर. आणि २०२० मध्ये पुन्हा ९५.३०, मुली ९६.९१, मुलगे ९३.९०, फरक तीन. आता सांगा, एका वर्षात राज्यभरातल्या मुलग्यांची बुद्धी निम्म्याने कमी झाली आणि पुढच्या वर्षी परत आली, असं होतं का?

बदललं ते परीक्षेचं स्वरूप. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे २० गुण काढून टाकले होते, २०२० ला ते परत आले. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, त्याचाही थोडा हात असणार. पण शिक्षकाच्या खुर्चीतून हिशेब साधा दिसतो. तोंडी परीक्षेत २० पैकी १८ सहसा कुणालाही मिळत. गटात पास होण्याची सवलत क्षणभर बाजूला ठेवा. १८ हातात असले की पासाला लागणाऱ्या ३५ साठी लेखी ८० पैकी फक्त १७ हवेत. ते २० गेले की लेखी १०० पैकी ३५ स्वतः लिहून मिळवायचे. मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ कोरं, उपयोजित लेखनात दोन ओळी, असं लिहिणारं पोर १७ वर कसंबसं पोचतं, ३५ वर पोचत नाही. आणि त्या काठावर उभ्या असलेल्यांत मुलगे कितीतरी जास्त होते.

यातून दोन गोष्टी निघतात. ‘शाळेच्या हातातल्या गुणांमुळे मुली पुढे जातात, बाई-गुरुजी मुलींना झुकतं माप देतात’ असं म्हणतात ना, आपल्या दहावीत उलट झालं होतं. ते गुण मुलग्यांना तारत होते. (सगळीकडे असंच असतं असं नाही. इस्रायलमध्ये नाव झाकून तपासलेल्या आणि शाळेने तपासलेल्या पेपरांची तुलना झाली, तेव्हा शाळेच्या तपासणीत मुलग्यांचं नुकसान होतं असं निघालं. तिथली पद्धत वेगळी.) दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: निकाल ९५ टक्क्यांच्या घरात असला की मुलामुलींमधला खरा फरक झाकला जातो, कारण जवळजवळ सगळेच दाराच्या आत आलेले असतात. २०२४ ला मुली ९७.२१, मुलगे ९४.५६. २०२५ ला ९६.१४ आणि ९२.३१. यावरून ‘अंतर वाढतंय’, ‘अंतर घटतंय’ असे मथळे दिले जातात, ते मी तरी मनावर घेत नाही. त्या वर्षी पास होणं किती सोपं होतं, तेवढंच त्यातून कळतं.

आता दुसरा प्रश्न, विषयवार गुणांचा, आणि तुमचा ‘पूर्वीपासून असंच का’ हाही इथेच येतो. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठातले डॅनियल आणि सुसान वॉयर यांनी २०१४ साली शाळा-कॉलेजातल्या गुणांचा एक मोठा धांडोळा प्रसिद्ध केला. तीसहून जास्त देश, १९१४ ते २०११ असा जवळपास शंभर वर्षांचा पट, तीनशेहून अधिक अभ्यास. त्यातला बराचसा भाग अमेरिकेचा आहे हे खरं. पण निष्कर्ष स्पष्ट निघाला: शिक्षकांनी दिलेल्या गुणांत मुली सगळ्याच विषयांत थोड्या पुढे. भाषेत सर्वांत जास्त, गणितात सर्वांत कमी, इतकं कमी की नसल्यात जमा. आणि गंमत म्हणजे या शंभर वर्षांत तो फरक फारसा हललेला नाही. म्हणजे ‘हल्ली मोबाइलमुळे मुलगे मागे पडले’ हे जे चहाच्या टपरीवर चालतं, त्याला या आकड्यांत आधार नाही. मोबाइल सोडा, रेडिओही घरात नव्हता तेव्हापासून हे चालत आलंय.

मग आपल्याकडे जुन्या पिढीला हे दिसलं का नाही? कारण मुली त्या वर्गात नव्हत्याच, आणि होत्या तिथे विषय वेगळे होते. १८४८ ला भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. त्यानंतरची कितीतरी दशकं पुण्यातला वाद ‘मुलींना शिकवावं का’ इथून सरकून ‘मुलींना काय शिकवावं’ इथे येऊन अडला होता. १८८४ ला निघालेल्या मुलींच्या हायस्कूलवर, म्हणजे आजच्या हुजूरपागेवर, टीका झाली ती अभ्यासक्रमावरून. मुलग्यांचाच अभ्यासक्रम मुलींना कशाला, असा सूर होता. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेव्हाही स्त्रियांच्या आयुष्याला धरून वेगळा अभ्यासक्रम हाच त्यामागचा विचार होता. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका सांगायच्या, जुन्या अकरावी मॅट्रिकला अवघड गणित टाळून सोपं अंकगणित घ्यायची वाट होती, आणि त्या वाटेवर कुणाला ढकललं जायचं हे वेगळं सांगायला नको.

हे सरकारी पातळीवर मोडून काढायला एक समिती लागली, तिचं नाव आज कुणाला आठवत नाही. मुलग्या-मुलींच्या अभ्यासक्रमात भेद असावा का, यावर हंसा मेहतांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९६२ च्या सुमारास तिने सांगितलं की लिंगावरून अभ्यासक्रम वेगळा ठेवायचं कारण नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात ते उचललं आणि दहावीपर्यंत गणित-विज्ञान सगळ्यांना, असा आग्रह धरला. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी झाली मार्च १९७५ मध्ये. म्हणजे एकाच गणिताच्या पेपराला मुलगे आणि मुली सरसकट बसू लागल्याला उणीपुरी पन्नास वर्षं झालीत. ‘मुलींना गणित जमत नाही’ ही समजूत त्याच्या आधीची आहे, तिला कुठल्या पेपराचा आधार मिळालेला नव्हता.

इथे मला तुमच्यापासून काही लपवायचं नाही. शाळेचे गुण सोडून बाहेरची चाचणी घेतली, तर चित्र थोडं बदलतं. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल देशभरच्या खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासतो. २०१८ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलग्यांपैकी ५० टक्क्यांना भागाकार आला, मुलींपैकी ४४ टक्क्यांना. २०२३ ला १४ ते १८ वयोगटात दुसरीच्या पातळीचा मातृभाषेतला उतारा वाचणाऱ्या मुली ७६ टक्के आणि मुलगे ७०.९ टक्के होते. भागाकारात मात्र मुलगे ४५ आणि मुली ४१.८. जगभरच्या पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ चाचणी घ्या. विकसित देशांच्या सरासरीत २०१८ ला वाचनात मुली ३० गुणांनी पुढे, गणितात मुलगे ५ गुणांनी. २०२२ ला वाचनातलं अंतर २४ आणि गणितातलं ९.

पण त्याच २०१८ च्या ‘असर’मध्ये केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, पंजाब आणि हिमाचल प्रदेशात या वयाच्या मुली गणितातही मुलग्यांच्या पुढे होत्या. जन्मजात गोष्ट राज्याची सीमा ओलांडली की उलटत नाही. कुठे मुलीला स्वयंपाकघरातून किती वेळ सुटका आहे, शिकवणी कुणाला लावली जाते, इंग्रजी शाळेत कुणाला घातलं जातं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत कुणाला ठेवलं जातं, हे तिथे बोलतं. एकाच घरातला मुलगा पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत आणि त्याची बहीण चालत झेडपीत, हे आमच्या भागात कुणाला खटकतसुद्धा नाही.

पेपर तपासताना मला दिसलेला फरक सांगते. तो मोजलेला नाही, पण बरोबरच्या तपासनीसांशी बोलल्यावर त्यांचंही मत तेच निघायचं. भूमितीच्या सिद्धतेत मुली पक्ष, साध्य, आकृती, कारणं असं सगळं मांडतात. चार पायऱ्यांचे गुण असतील तर शेवट चुकला तरी तीन पदरात पडतात. मुलगे उत्तर डोक्यात काढतात, मधल्या दोन पायऱ्या गिळतात, बरोबर उत्तरालाही एखादा गुण घालवतात. बोर्डाचा पेपर पायऱ्या बघतो, म्हणून तिथे मुली. पर्याय निवडायच्या परीक्षेत पायऱ्या कुणी बघत नाही, तिथे आडदांडपणे उडी मारणाऱ्यालाही फायदा होतो. मुलीला मात्र प्रत्येक पायरी पक्की केल्याशिवाय पुढे जाववत नाही, आणि वेळ संपतो. दोन्ही सवयी आहेत, आणि सवय बदलता येते. अर्थात हे सरसकट नाही. टापटीप लिहिणारे मुलगे आणि पानभर कच्चं काम करून उत्तर एका ओळीत टाकणाऱ्या मुली मी भरपूर पाहिल्यात. सरासरीवरून तुमच्या दोघांचं भविष्य काढू नका.

आता तिसरा प्रश्न, निवडीचा. तुमच्या घरातलं कोडं इथे सुटतं. २०१९ साली पॅरिसमधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ‘पिसा’चे आकडे घेऊन एक गोष्ट दाखवली. गणिताकडे वळायचं की नाही, हे मूल फक्त ‘मला गणित किती येतं’ यावर ठरवत नाही. ‘मला गणित दुसऱ्या विषयांच्या मानाने किती येतं’ यावर ठरवतं. गणिताकडे वळण्याच्या इच्छेत मुलामुलींमध्ये जो फरक दिसतो, त्याचा मोठा भाग त्यांना यातच सापडला. तुमच्या मुलीला गणितात ८४ आहेत, पण शेजारी ९१ उभे आहेत, म्हणून ८४ फिके वाटतात. मुलाचे ८१ हे ५८ च्या शेजारी झळकतात. त्याला गणित जास्त येतं असं नाही, त्याला मराठी कमी येतं. घराने त्याच्या कमतरतेला त्याचा कल म्हटलं, आणि तिच्या दोन्हीकडच्या बळाला तिची मर्यादा.

आणि स्पर्धा परीक्षेला मुली घाबरतात असं म्हणाल, तर ‘नीट’कडे बघा. तिथेही पर्याय आहेत, उणे गुण आहेत, भौतिकशास्त्राचा दणदणीत भाग आहे, आणि बसणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली असतात. केंद्राच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ साली विज्ञान शाखेत २९.८ लाख मुली आणि २७.४ लाख मुलगे होते. म्हणजे अडचण विज्ञानाची नाही आणि परीक्षेचीही नाही. ‘मुलगी डॉक्टर’ हे चित्र घराला पटलंय, ‘मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर’ हे अजून पटायचंय. त्यात जेईईच्या तयारीसाठी अकरावीपासूनच लातूर, पुणे नाहीतर थेट कोट्याला ठेवायचं म्हटलं की मुलीच्या बाबतीत आजी-आजोबांपासून सगळे आडवे येतात. आयआयटीत मुली ८ टक्क्यांच्या आसपास अडकल्या होत्या. मग २०१८ पासून मुलग्यांच्या जागा न घटवता मुलींसाठी जादा जागा काढल्या आणि दोन वर्षांत ते प्रमाण २० टक्क्यांच्या घरात गेलं. मुलींचा मेंदू काही दोन वर्षांत बदलला नव्हता.

एक बाजू राहते, ती लवकर सांगते, पण हलकी समजू नका. निकालातले टक्के परीक्षेपर्यंत पोचलेल्यांचे असतात, आणि नियमित विद्यार्थ्यांत मुलींची संख्या मुलग्यांपेक्षा कमीच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेली पोरगी आठवीतच पटावरून गळते. गावात हायस्कूल नसेल तर मोफत एसटी पास असूनही ‘शेवटची गाडी चुकली तर’ या भीतीने तिचं नाव काढलं जातं. अभ्यासात कच्ची मुलगी आधीच घरी बसते. कच्चा मुलगा मात्र ढकलत ढकलत दहावीला बसवला जातो, नापास झाला तर रिपीटर म्हणून फॉर्म भरून पुन्हा. म्हणून मुलींच्या टक्केवारीतला थोडा चढ या गळतीचाही असणार.

आता तुमच्या दोघांकडे येऊ. मुलीने गणित सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, ती स्वतः विचार करून काही वेगळं ठरवत नाही तोवर. डॉक्टरकीची ओढ असली तरी अकरावीला जीवशास्त्राच्या जोडीने गणित ठेवता येतं. ओझं वाढतं हे खरं, आणि तिची झोप, प्रवास, क्लासची वेळ बघून ते पेलवणार का हे तुम्हालाच ठरवावं लागेल. पण गणित सोडलं की एमएचटी-सीईटीचा अभियांत्रिकीचा गट गेला, संख्याशास्त्र गेलं. खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ पासून मुली आहेत, आणि त्या लेखी परीक्षेत ३०० गुणांचा पेपर गणिताचा असतो. वाणिज्य घेतलं तरी सीएच्या पहिल्या परीक्षेत गणित-संख्याशास्त्र समोर येतंच. फीची काळजी असेल तर हेही पाहून ठेवा की २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे.

तिला आत्तापासून एक सवय लावा. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून, पर्यायांची वीस गणितं, आणि नियम असा की एखादं दीड मिनिटात सुटलं नाही तर सोडून पुढे जायचं. पहिले काही आठवडे ती चिडेल, कारण अर्धवट सोडणं तिला पाप वाटतं. बोर्डाच्या पेपरासाठी तिची पायऱ्यांची सवय मात्र तशीच राहू द्या, ती मोडायचं कारण नाही.

मुलाकडे मात्र घरात कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही, आणि मला त्याचीच काळजी जास्त वाटते. मराठी माध्यमातल्या मुलाला मराठीत ५८ पडतात, तेव्हा त्याचं इतिहासाचं, विज्ञानातल्या ‘शास्त्रीय कारणे लिहा’चं, गणितातल्या शाब्दिक उदाहरणांचं काय होत असेल? त्याची गणिताची उत्तरपत्रिका आणून बघा. गेलेले १९ गुण शाब्दिक उदाहरणांत आणि सिद्धतेत गेले असतील तर तो प्रश्न भाषेचाच आहे. त्याला निबंधाचं पुस्तक आणून देऊ नका. क्रिकेट, शेती, गाड्या, ज्याचं वेड असेल त्यावरचं मराठी रोज वाचू द्या. आणि रोज एका गणिताचं उत्तर पूर्ण वाक्यांत, ‘कारण’ आणि ‘म्हणून’ घालून लिहायला लावा. बहिणीने ते वाचावं, न समजलेल्या ओळीखाली रेघ मारावी. त्या बदल्यात तिच्या घड्याळाच्या गणितांना वेळ त्याने लावावी. हे जानेवारीपर्यंत करून बघा, आणि वार्षिक परीक्षेनंतर दोघांच्या गणिताच्या उत्तरपत्रिका शाळेत मागून शेजारी शेजारी ठेवून बघा. शाळा दाखवते, मागावी लागते एवढंच.